पायरीवरचा भार

मंडळी, मी वेल्डिंगवाला माणूस. हात लावला की चटका बसतो किंवा हातोडी मारली की आवाज येतो, तेवढंच माझ्या लेखी खरं. आमच्या इस्लामपुरात अवसेला नवं काम धरू नये म्हणणारे पुष्कळ आहेत. मी मुद्दाम त्याच दिवशी धरतो, कारण वर्कशॉपला गर्दी नसते. ज्या चिंचेखालून लोक चपला हातात घेऊन पळतात, तिच्याखाली मी दुपारचा दोन तास झोपलोय. मुंग्या चावल्या, बाकी काही नाही. या सदरातले भुताखेतांचे अनुभव तर मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि मधे मधे आपलं एखादं भूत घुसडायचो... तेव्हा आता तुमची पाळी. हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

आधी ट्रेलरची ओळख करून देतो. ती झाल्याशिवाय पुढचं समजणार नाही, आणि खरं सांगू का, ती करून दिल्याशिवाय मला राहवणारही नाही.

माझं वर्कशॉप उसाच्या ट्रॉल्यांचं. हंगामात मोडलेल्या ट्रॉल्या जोडायच्या, हंगाम संपला की नव्या बांधायच्या. तीस वर्षं हेच. तीन वर्षांपूर्वी भंगारात गेलेल्या एका पिकअपचा मागचा एक्सल आला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला — जीपच्या मागं ओढायचं घर करायचं! दहा फूट लांब, सहा फूट रुंद. सांगाडा चौकोनी पाइपचा, बाहेरून दुकानाच्या पाट्यांना लावतात तो चकचकीत पत्रा, मधे थर्माकोल, खिडक्यांना जुन्या बसच्या सरकत्या काचा. आत दोघांचं अंथरूण, ते दुमडलं की समोरासमोर चौघं बसतील असं बाकडं आणि टेबल. मागच्या अंगाला ओटा, सिंक, दोन बर्नरची शेगडी, वर साठ लिटरची टाकी, छपरावर सोलर. रंग पोपटी. तो रंग असा काही झळकतो की कराडच्या पुलावर एका म्हशीनं त्यात स्वतःचं तोंड पाहिलं आणि लाजून बाजूला झाली. पाचगणीला पहिल्यांदा नेला तेव्हा पठारावर फिरायला आलेले लोक दरी सोडून ट्रेलरसमोर फोटो काढायला लागले. दरी बिचारी नुसती बसून होती. सातारा-सांगली दोन्ही जिल्ह्यांत असा दुसरा दाखवा, मी मिशी उतरवतो. (मिशी नाही मला, पण ठेवून उतरवतो.)

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. एक्सलवरच्या पाट्यांतल्या, म्हणजे स्प्रिंगांतल्या, पट्ट्या मी कमी केल्या. ट्रेलर हलका, त्याला पिकअपचे पाटे ठेवले असते तर खड्ड्यात उडाला असता. त्यामुळं तो मऊ झाला. दाराच्या पायरीवर कुणी उभं राहिलं की अख्खा ट्रेलर त्या अंगाला वाकतो, आणि तोच माणूस आत मधोमध गेला की पुन्हा सरळ होतो. झोपताना चार कोपऱ्यांचे लोखंडी पाय खाली सोडायचे, मग हत्ती चढला तरी हलत नाही. दाराशेजारी मी गवंडी वापरतात ती बुडबुड्याची लेव्हल कायमची बसवलीय. बुडबुडा मधल्या दोन रेघांत असला की समजायचं, ट्रेलर पाण्यासारखा सपाट.

आता हे सगळं कशासाठी? लोकांना मी सांगतो, हौस. खरं कारण माझी बायको शोभा.

तिचं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढं सात-आठ किलोमीटर. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. मूल झालं नाही. त्यावर मी जास्त लिहीत नाही. पण तिकडची जुनी रीत तुम्हाला माहीत असेल — लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही. पाणीसुद्धा नाही. माझे सासरे, आप्पा, या रीतीचे असे पक्के की विचारू नका. वर्षातून दोनदा इस्लामपूरला यायचे, बाजरी-हुलग्याचं गाठोडं दारात ठेवायचे, अंगणात उभ्याउभ्या लेकीची विचारपूस करायचे आणि एसटी स्टँडवर जाऊन भजी खायचे. शोभा सकाळी उठून पोळ्या करायची. मग त्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मी खायचो. माझं पोट पाहिलंत तर ते आप्पांच्या हट्टानं वाढलंय, माझ्या नाही.

सासूबाई, म्हणजे मामी, सहा महिने खाटेला खिळून दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांनीही लेकीच्या हातचा घास कधी खाल्ला नाही. तेराव्याहून परत येताना शोभा जीपमध्ये एवढंच म्हणाली, "आप्पा पण असंच जायचं बगा."

मी गाडी चालवत होतो. वडूज मागं पडलं, नजर रस्त्यावर. पण डोक्यात अर्धवट बांधलेला ट्रेलर होता, आणि कराडच्या अलीकडं एकदम उजेड पडला. रीत घराची आहे ना? मग हे घर कुठं आहे? ही तर गाडी! एसटीत शेजारच्या बाईनं दिलेला लाडू आप्पा खातात की नाही? शोभाला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या लग्नातल्या दोन साड्या कापून पडदे शिवायला घेतले.

तर, गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. पडदे लावून, टाकी भरून, वडूजवरून आम्ही माणात पोचलो. आप्पांचं घर गावात, पण मी ट्रेलर त्यांच्या माळावरच्या रानात नेला. कडक मुरूम, एक लिंबाचं झाड, चारी बाजूंनी मोकळं. सकाळचे दहा वाजले असतील. जीप सोडली, पुढचा जॅक लावला, डाव्या टायरखाली फळी सरकवली. बुडबुडा दोन रेघांत असा आला जणू तिथंच जन्मला होता. कोपऱ्यांचे पाय सोडले नाहीत. ते झोपतानाचं काम.

आप्पा काठी टेकत आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण चाल ताठ. उभी हयात मुंबईला गोदामात पाठीवर पोती वाहिली. त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली, टायरवर काठी मारून बघितली.

"झकास केलंयसा, पावणं," म्हणाले.

इथंच माझा घात झाला. सासऱ्यानं स्तुती केल्यावर गप्प बसायची कला मला कुणी शिकवली नाही. मी खिडकीतून एकेक दाखवत सुटलो — हा ओटा, हे सिंक, नळ सोडला की पाणी, ही शेगडी, हा फ्रिज, हे देवाला फळकुट, सांडपाण्याला वेगळा पाइप! आणि शेवटी छाती काढून म्हणालो, "आप्पा, घराला जे जे लागतं ते सगळं हाय. कशाची म्हणून कमी न्हाई!"

आप्पांनी मान डोलावली. "व्हय की. चूल हाय, देव हाय, पाणी हाय. म्हंजी घरच झालं की हे."

"न्हाई न्हाई, गाडी हाय आप्पा! नंबर प्लेट बगा मागं!"

"नंबर तर आमच्या घराला बी हाय, गिरामपंचायतीचा."

दारात शोभा उभी होती. हातात कणकेचा गोळा. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मंडळी, सांगतो, तीस वर्षांत आर्कचा झोत डोळ्यांत गेला तरी एवढं भाजलं नव्हतं.

"तुमाला कुणी सांगितलं हुतं एवढं कौतिक कराय?" ती म्हणाली. "फ्रिजबिज दाखवाय?"

आप्पा लिंबाखाली जाऊन घोंगडं टाकून बसले. काखेतून फडकं काढलं, त्यात त्यांची स्वतःची भाकरी. सोबत बाटली, त्यांच्या विहिरीच्या पाण्याची. म्हणजे गडी तयारीनंच आला होता!

"तुमी जेवा रं पोरांनो," म्हणाले. "मी हितं सावलीला बरा हाय."

शोभा आत गेली. तवा आपटल्याचा आवाज आला. मी पुढं जीपच्या हुकापाशी उगाच ग्रीस लावत बसलो — जिथं ग्रीस लागत नाही तिथंही.

पाचेक मिनिटांनी आतून हाक आली. "आवं, पायरीवरनं उतरा की! तवा घसराय लागलाय."

"मी हिकडं हाय, पुढं!"

"मग कोण उभं हाय?"

मी वळून पाहिलं. आप्पा वीस-पंचवीस फुटांवर लिंबाखाली. पायरी रिकामी. आणि ट्रेलर दाराच्या अंगाला झुकलेला. थोडाथोडका नाही, माणूस उभं राहिल्यावर झुकतो तेवढा. बुडबुडा रेघा सोडून पार कडेला जाऊन चिकटला होता.

आता माझ्या जागी दुसरा असता तर हनुमान चालिसा म्हटली असती. मी गेज काढला. दोन्ही टायरची हवा सारखी. फळी जागच्या जागी. मुरूम असा कडक की पहारीनं खणला तर पहार रडेल. चाक खचायचा प्रश्नच नाही. वारा? लिंबाचं पान हलत नव्हतं. उताणा होऊन खाली शिरलो. दाराच्या अंगाचा पाटा दोन बोटं दबलेला. पट्टी तुटलेली नाही, बोल्ट घट्ट. दाराच्या अंगानं ट्रेलरला खांदा दिला, तर सरळ झाला. खांदा काढला, पुन्हा हळूहळू तेवढाच झुकला. दणकन नाही. हळू. कुणी पाय न वाजवता उभं राहावं तसा.

रिकाम्या पायरीनं पाटा दबत नसतो. हे मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो.

शोभानं गॅस बंद केला आणि दारापर्यंत आली. पायरीवर मात्र तिनं पाय ठेवला नाही. मागं सरकून चौकटीला टेकून उभी राहिली, दारात एखाद्याला वाट द्यावी तशी.

"तुमाला ठावं हाय का," ती मला हळूच म्हणाली, "आपलं घर बांधलं तवा आई आलती. आप्पा भाईर रस्त्यावर थांबलं हुतं. आईनं एक पाय पायरीवर ठेवला आन् सैपाकघरात डोकावली. माझी भांडी बगत हुती. मी म्हनलं, ये की गं आत. तेवढ्यात आप्पा रस्त्यावनं खाकरलं. तिनं पाय काढून घेतला."

चोवीस वर्षांत हे तिनं मला सांगितलं नव्हतं.

तोवर आप्पा उठून आले. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. मला खाली-वर होताना बघून त्यांना मजा वाटली असावी.

"काय पावणं? सगळं हाय म्हनत हुता, आन् गाडी लंगडी निगाली व्हय?"

"आप्पा, पायरीवर वजन हाय," मी म्हणालो. "पर वजन कशाचं ते कळंना झालंय."

"बगू," म्हणाले.

हमालाचा हात तो. काठी मला दिली, वाकले, दोन्ही पंजे पायरीखाली घातले आणि पाठ सरळ ठेवून एवढंसं उचललं, चार बोटं. ट्रेलर सरळ झाला. आप्पांनी तसंच धरून ठेवलं. मला वाटलं, आता टाकतील, मग टाकतील. टाकेनात. चेहऱ्यावरची मजा गेली. मग त्यांनी पायरी इतक्या सावकाश खाली सोडली, की मी ट्रॉलीवर काच उतरवताना तेवढी काळजी घेत नाही.

"किती असंल, आप्पा?" मी विचारलं. मला आपलं हिशेबाचं पडलेलं.

त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"ह्यो भार माझ्या वळकीचा हाय," ते म्हणाले. "सा म्हैनं खाटंवरनं उनाला आन् उनातनं खाटंवर म्याच नेत हुतो की तिला. पोतं लाख उचलली, पर एवढं हलकं वझं कवा उचललं न्हवतं."

शोभानं तोंडावर पदर घेतला. मी काठी धरून उभा. दुपारचे बारा वाजत आलेले, डोक्यावर ऊन, पायरीपाशी कुणाची सावली नाही, धूर नाही, काही नाही. एक पोपटी ट्रेलर आणि त्याची रिकामी पायरी.

आप्पा दोन पावलं मागं सरले. डोक्यावरची टोपी काढून झटकली, पुन्हा घातली. मग दाराकडं बघून, रोज घरात बोलतात त्याच आवाजात म्हणाले, "आगं, जा की आत. हितं बी ताटकळत हुबारलीयास व्हय? जा. मी न्हाई खाकरत आता."

आधी पाट्याचा आवाज आला — क्रर्र. मग ट्रेलर उठला. बुडबुडा कडेवरून निघाला आणि वाटेत कुठं न थांबता दोन रेघांच्या मधे येऊन बसला. आत, ओट्याजवळ, फरशीची फळी करकरली. मंडळी, मी बसवलेल्या फळ्या करकरत नाहीत! ना त्याआधी कधी करकरली, ना त्यानंतर. तेवढी एकदाच.

मग शोभा दारातूनच म्हणाली, "आन् तुमी, आप्पा?"

"मी काय?" आप्पा लिंबाखाली जाऊन घोंगडं झटकायला लागले. "तिला एकटीला जेवाय बसवतीस व्हय? ताट लाव."

पायताण त्यांनी खाली काढलं, पायरीवर चढले — ट्रेलर झुकला, जसा झुकायला हवा तसा — आणि आत जाऊन खिडकीकडच्या जागेवर बसले. शोभानं चार ताटं घेतली. मी तोंड उघडलं होतं, पण माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर मिटलं.

पुरणाच्या पोळ्या, कटाची आमटी, भजी. आप्पांनी पहिला घास घेतला. चावला. आम्ही दोघं नवराबायको बघत होतो. टायरची हवाही एवढ्या टक लावून मी बघितली नसेल. दुसरा घास. मग आमटीचा भुरका.

"मीठ जरा कमी पडलंय गं शोभे," आप्पा म्हणाले.

आणि माझी बायको, जिच्या स्वयंपाकाला मी चुकून नाव ठेवलं तर दोन दिवस घरात मौनव्रत असतं, ती बाई हसायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतीय. चोवीस वर्षांत माहेरच्या कुणी तिच्या आमटीत खोट काढली नव्हती, कारण चाखलीच नव्हती! मिठाची वाटी पुढं करताना तिचा चेहरा असा होता, की गावच्या कुस्तीत चांदीची गदा मिळाली तरी पैलवानाचा होत नाही. आप्पांनी किती पोळ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही, जावयानं मोजायच्या नसतात. पण रात्रीसाठी ठेवलेल्याही संपल्या. चौथं ताट तसंच होतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. कुणी जेवलंबिवलं नाही. नंतर शोभानं ते गाईला घातलं.

परत आल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? ट्रेलर ठोकळ्यांवर चढवला, दोन्ही पाटे सोडवले, पट्टी न पट्टी तपासली, घासून पाहिली. चीर नाही, गंज नाही. पुन्हा बसवले. वर्कशॉपात नेमकी तीच परिस्थिती करून पाहिली — तशीच फळी, तसाच उतार. दोन दिवस ठेवला. बुडबुडा हलला नाही.

माझा भागीदार बाळू म्हणतो, "दादा, तूच पुढचा जॅक ढिला केला असशील. सासऱ्याला जेवू घालायला तू काय बी करशील." आता खरं सांगतो. करणार होतोच! आप्पा लिंबाखाली जाऊन बसल्यावर ग्रीस लावता लावता माझ्या डोक्यात तेच चाललं होतं, की असं काय करावं की म्हातारा आत शिरेल. ट्रेलरखाली काहीतरी मोडल्याचं नाटक करायचं, आतून धरायला बोलवायचं... पण मी हात लावायच्या आत हे झालं. आणि जॅक पुढं असतो बाळू, मधे. तो ढिला केला तर ट्रेलर नाकावर पडतो, दाराकडं झुकत नाही. एवढं तर तुला समजायला हवं, पंधरा वर्षं माझ्यासोबत आहेस.

आप्पांचं म्हणाल, तर ते बदलले असं समजू नका. गेल्या महिन्यात इस्लामपूरला आले. मी मोठ्या उत्साहानं घराचं दार उघडलं. ते अंगणातून सरळ ट्रेलरकडं गेले.

"आप्पा, घरात या की! तवा म्हनला हुता, चूल हाय म्हंजी घरच हाय!"

"गाडी हाय ती," म्हणाले. "नंबर प्लेट हाय की मागं."

शोभा स्वयंपाकघरातून ताट घेऊन अंगणातून ट्रेलरपर्यंत तीन फेऱ्या मारते आणि तक्रार करत नाही. आप्पा आत बसून आमटीत चूक काढतात. एकदा तिखट, एकदा पातळ.

तर असं आहे सगळं. पाटा का दबला, याचं उत्तर माझ्याकडं नाही. अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाला विचारलं. ते म्हणाले, धातू तापल्यानं होतं. मी म्हटलं, साहेब, मग "जा आत" म्हटल्यावर थंड कसा झाला? ते चहा पिऊन गेले. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर या, ट्रेलर आमच्या अंगणातच उभा असतो. पाटे बघा, फळी ठोकून बघा, पायरीवर स्वतः उभं राहून बघा. फक्त एक सांगून ठेवतो, पायरीवर पाय ठेवलात तर शोभा जेवल्याशिवाय खाली उतरू देत नाही.